चालशे

मकरपुऱ्याच्या मागच्या गल्लीत
रमणीकभाईनं नळी खांद्यावरून उतरवली,
फरशीवर टेकवली आणि म्हणाला,
एक इंची, सोळा गेज, चालशे बेन.
मी पर्समधून व्हर्नियर काढलं.
तो हसला, आतल्या पोऱ्याला म्हणाला,
चा मूक, बेनने वार लागशे.

एकतीस वर्षं तपासणी खात्यात होते.
लोक आंबा घेताना देठाचा वास घेतात,
मी जबडे मिटून आधी शून्य बघते.
माझ्या व्हर्नियरचं शून्य चार शतांश पुढं आहे,
निवृत्तीच्या आधल्या वर्षी ते हातून पडलं.
दर मापातून चार शतांश वजा,
हे आता श्वासासारखं होतं.

बाहेरून पंचवीस पॉइंट चार. बरोबर.
आतून बावीस पॉइंट एक दोन,
नळी पाव फेरा फिरवली, बावीस पॉइंट तीन.
म्हणजे गोल नाही,
कुणीतरी ट्रकमध्ये हिच्यावर काही जड ठेवलं होतं.
आणि आत बोट घातलं
तर वेल्डिंगची शिवण लागली,
बाहेरून घासून नाहीशी केलेली.

अंदर कोण जोवानुं छे, बेन?

अंदर दुसरी नळी जाणार आहे.
एकात एक, वरखाली सरकणारी.
असे चार पाय, कॅरम बोर्डाखाली.

फाल्गुनात श्रीरंगच्या मणक्याचं ऑपरेशन झालं.
वाकायचं नाही, मांडी घालायची नाही.
दांडिया बाजारात ज्याच्या क्वीनला
कधी कव्हरची वाट बघावी लागली नाही,
तो तीन महिने पलंगावरून
पंख्याची पाती मोजत होता.
बोर्ड भिंतीशी उभा, तोंड फिरवून.

तो सगळं सुतात मोजतो. वडील सुतारकाम शिकवून गेले.
त्याचं एक सूत म्हणजे माझे
तीन पॉइंट एक सात पाच.
तेवढ्या जागेत आमची बरीच भांडणं मावली.
कपाटाचं दार, गॅसचा कट्टा,
मुलीच्या सासरी पाठवलेला आरसा.
तो म्हणायचा, हलक्या हातानं ठोक, बसेल.
मी म्हणायचे, आधी माप.

गॅलरीत व्हाइस आहे, एक अर्धगोल कानस,
आणि सकाळी नवापर्यंत सावली.
उन्हात नळी फुगते. सहा मायक्रॉन.
माझ्या व्हर्नियरला ते दिसणारही नाही,
तरी मी नवाच्या आत मापते.
शिवण कानशीनं आतून घासायला चार दिवस लागले,
दिवसाला एक नळी,
लोखंडाचा कीस नखांत, पोळीच्या कणकेत.
तीन पाय बसले.
चौथ्याची आतली नळी एकवीस पॉइंट सहा निघाली,
घातली की खुळखुळायची,
पडायच्या बेतातल्या दातासारखी.

बाजारात तसली बुश कुणी करत नाही.
जिन्यात भाच्यानं टाकलेला थम्सअपचा डबा सापडला.
त्याचा पत्रा एक दशांश मिलिमीटर.
कात्रीनं पट्टी कापली, दोन वेढे दिले,
वर कॅरमचीच पावडर.
नळी आत गेली
आणि खालच्या तोंडातून हवा फुस्सकन बाहेर आली.
एकतीस वर्षांत कारखान्यात
हा आवाज मी कितीदा ऐकला असेन,
घरात पहिल्यांदा.

संध्याकाळी श्रीरंग उभा राहिला, कंबरेला पट्टा.
स्ट्रायकर धारेवर उभा केला आणि सोडला.
तो सावकाश निघाला,
काळ्या सोंगट्यांमधून वाट काढत
खिडकीकडच्या भोकात पडला. कुणी न मारता.
हा कोपरा उणा आहे, श्रीरंग म्हणाला.
जन्मभर बसेल-बसेल म्हणणारा माणूस.
आणि माझ्या तोंडून निघालं, चालशे.

रात्री दीडला उठून सगळं पुन्हा मापलं.
चारही पाय सारखे.
फरशीच खिडकीकडे उतरती, दोन मिलिमीटर.
त्या पायाखाली चुडीची टोपी सरकवली
आणि त्याला काही सांगितलं नाही.
तो म्हणाला असता,
एक सूतसुद्धा नाही गं.