बी दीर्घ

टपालाच्या टेबलाशी चोवीस वर्षं उभी राहून
मला एवढं कळलंय
की माझ्या गावाचं नाव दोनच अक्षरांचं असलं
तरी बाहेरच्या कुणाला ते धड लिहिता येत नाही.

जुन्या शिक्क्यांत साहेबांनी त्याचं भीर केलं,
मग बीर, मग नुसतं बिड.
हिंदीतून येणारी पाकिटं ड च्या पायाशी टिंब देतात,
जणू सांगितल्याशिवाय आमची जीभ वळणार नाही.

वडील माळीवेशीत बिडाचे तवे विकायचे.
मला वाटायचं, गाव त्या तव्यांवरूनच.
काळं, जड,
तापायला वेळ घेणारं आणि निवायलाही.
पडलं तर वाकत नाही, सरळ तडकतं.

शाळेत गुरुजी म्हणाले, छे. बीळ.
बालाघाटाच्या पायाशी बिळात बसल्यासारखं, म्हणून बीड.
कंकालेश्वराच्या पायरीवरच्या बाया म्हणायच्या, चंपावती,
कुणी राणी होती म्हणे.
कुणी तर थेट जटायूपर्यंत मागे जातं.
मी कुणाचंच खोडत नाही.
पत्ता अपुरा असला म्हणून
पत्र परत पाठवायची मला घाई नसते.

कचेरीसमोरच्या लिंबाखाली
सय्यद मुस्तजाब अर्जनवीस बसायचे,
निजामाच्या वेळची खरेदीखतं वाचून देणारे.
शब्दाला आठ आणे, आणि
शिवी आली तर ती फुकट.
एकदा धोंडीपुऱ्यातल्या घराचा दस्त कोर्टात उघडला.
समोरचा वकील म्हणाला,
यात तर बीर लिहिलंय. हे गावच दुसरं.
चाचांनी कागद उजेडाला धरला.
उर्दूत 'रे'च्या डोक्यावर
इवलीशी 'तोय' बसवली की आमचा ड होतो.
तिथे, नेमकं तिथेच,
कसरीनं भोक पाडलेलं. भोकातून कोर्टाचा पंखा दिसत होता.
'हुजूर, तोय किड्यानं खाल्ली,' चाचा म्हणाले,
'गाव कसं खाईल?'
हुजुरांनी तारीख दिली.
पुढच्या तारखेला चाचा नव्हते. त्याच्या पुढच्या तारखेला
तो वकीलही नव्हता.
दस्त अजून बीर म्हणूनच बांधून ठेवलाय.
त्या घरात रोज कुणीतरी लसूण ठेचतं,
रस्त्यापर्यंत वास येतो.

गेल्या हंगामात चुलतभाऊ भागुजी
बेळगावकडच्या फडावर होता.
काट्यावरच्या माणसानं गाव विचारलं.
भागुजी म्हणाला, बीड.
तो हसला. म्हणाला, आमच्या भाषेत
बीडु म्हणजे बिऱ्हाड. तळ. राहायची जागा.
आणि तेच तोकडं म्हटलं, बिडु,
तर त्याचा अर्थ, सोड.

रात्री फोन आला. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज,
कुणाचं तरी लेकरू रडत होतं.
'आक्के, तू तर शिकलेली.
आपलं कोणतं वं, लांबडं का तोकडं?'

मी टेबलावरचा शिक्का उलटा केला.
इंग्रजीत तीनच अक्षरं.
ऱ्हस्व की दीर्घ, शाई काही बोलत नव्हती.
दर दिवाळीनंतर ट्रकच्या ट्रक भरून जातात इथून,
दारांना कुलपं, ओट्यावर म्हातारी माणसं.
आम्ही वर्षातले सहा महिने
कोणता उच्चार करतो, मला माहीत होतं.

'लांबडं,' मी म्हणाले. 'बी दीर्घ.'

'असं का,' तो म्हणाला.
'मग उद्या सांगतो त्याला.'
फोन ठेवताना त्यानं दोनदा म्हणून पाहिलं,
ओढून,
दमलेल्या माणसाच्या आवाजात.

नंतर थैलीला लेबल बांधायचं होतं.
सुतळी दातात धरली
आणि गावाचं नाव लिहिताना
दुसरी वेलांटी जरा जास्तच खाली ओढली,
पिनकोडला टेकेपर्यंत.