पाटावरची अक्षरं

नाट्याच्या बंदरात लतीफ पेंटर
होड्यांच्या नाळेवर नंबर घालायचा
तेव्हा रंगाचा डबा मी धरायचो.
मनगटाएवढी जाड अक्षरं, इंग्रजी,
प्रत्येकाच्या पायाखाली एक चौकोनी पाट,
डोक्यावर तसाच दुसरा.
म्हटलं, हे पाट कशाला? रंग फुकट.
म्हणाला, भरतीच्या पाण्यात
पाय न रोवता उभा राहून दाखव.

आपली मराठी वरून लोंबते रे,
दोरीवरच्या बोंबलांसारखी,
वारा आला की सगळा शब्द हलतो.
ही खालून उभी. जांभ्याचा चिरा बसवावा तशी.
नखरा नाही, दांडा जाड तेवढाच पाट जाड.
आणि लाजत नाहीत.
मिठाने डोळे चुरचुरत असताना
मैलभरावरून ज्याला वाचायचंय
त्याला लाजरं अक्षर काय कामाचं?

बर्फाच्या कारखान्यावर चालायची ती, डिझेलच्या पिंपावर,
आंब्याच्या पेट्यांवर
(त्याचे छाप तो जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून कापायचा,
कुणाच्या तरी बरगड्यांतून 'हापूस' उमटायचा).
'येथे पोहू नये' लिहायचं तर यांनाच बोलवा.
पण एकदा हौसेने
सरवर सोलकराच्या मुलीची पत्रिका
याच अक्षरांत काढून दिली.
सरवर म्हणाला, निकाह आहे की लिलाव?
त्या रात्री लतीफने घरभर बारीक ब्रश शोधला.
नव्हताच त्याच्याकडे.

धोंडू खडप्यांच्या 'भगवतीप्रसाद'वर
त्याने पहिल्यांदा मराठीला पाय दिले.
भ, ग, व, त,
जिथे दांडा खाली आला तिथे पाट.
शेवटी द अडला.
द-ला टेकायला दांडाच नाही,
शेपटी हवेत.
विडी संपेपर्यंत बघत बसला,
मग म्हणाला, असू दे,
एखादा असतो प्रत्येक घरात.

नारळी पुनवेनंतर चौथ्या दिवशी गेलेली ती
परत आली नाही.
नवव्या दिवशी आंबोळगडच्या पुळणीवर
हातभर फळी लागली, वरची कड तुटलेली,
कालवं चिकटलेली.
हवालदार म्हणाला, यावर काही लिहिलेलं नाही.
लतीफने चष्मा काढून बोटांनी चाचपलं.
अक्षर नव्हतंच.
निळ्यावर पांढरा एक पाट,
चार बोटं रुंद,
आणि त्याच्या उजवीकडे
मोकळी निळी जागा, एका शेपटीपुरती.

सा-चा काना, म्हणाला तो. पुढे द.

फळी आम्हीच पोचवली.
धोंडूच्या बायकोला वाचता येत नाही.
तिने ती दोनदा फिरवली, थांबली,
आणि पाट खाली येईल अशी
भिंतीला टेकवून
उभी केली.