दहापैकी चार

इनिसने मासिक डब्याच्या पिशवीतून आणलं,
वर टोमॅटोचा डाग, डागाला चिकटून परीक्षण:
'थर्टी सन्स', अंतराळातल्या राज्यकारभाराचा खेळ,
दहापैकी चार.
"घे," म्हणाला, "तुझ्या लाडक्याचं प्रगतिपुस्तक."

आम्ही दोघं डंडीत कवळ्या घडवतो.
खिडकीतून टे नदी दिसते, म्हणजे भरती असली तर,
नसली तर चिखल आणि त्यावर पावलं मोजणारे पक्षी.
माझ्या हातात तेव्हा मिसेस लॉरिमरचा वरचा जबडा,
अजून मेणातच, गुलाबी.
थांब, म्हटलं, हिचा सुळा बसवू दे, मग भांडू.

परीक्षक लिहितो: फार संथ.
लिहितो: पहिल्या शंभर खेळ्या नुसतं पाणी मोजायचं,
धान्य मोजायचं, गोदामाच्या छताला ठिगळं लावायची.
हुकूम पोचायला अकरा खेळ्या.
ताफा निघतो तेव्हा वसाहत नांदती, पोचतो तेव्हा राख.
वरातीमागून घोडं, असंच त्याला म्हणायचं असणार,
पण त्याच्याकडे नवरदेव मोटारीतून येतो,
म्हणून बिचाऱ्याने 'रचनेतला दोष' लिहिलं.

दोष कसला, मी म्हटलं, अंतर आहे ते.
प्रकाशालाही चालावं लागतं तिथे,
आणि तुझ्या या गृहस्थाला ताऱ्यापल्याड निरोप धाडून
चहा निवायच्या आत उत्तर हवंय.
उंटावरून शेळ्या हाकायच्या तर
निदान उंट किती उंच आहे ते बघावं.

इनिस हसला. माघार नाही घेतली.
"मीसुद्धा तीस तास दिलेत. एकतीस युद्धनौका बांधल्या.
शत्रू आलाच नाही, शरयू.
नौका गोदीत गंजल्या, आणि त्या गंजाचा खर्चही
दर खेळीला माझ्याच नावावर."

शत्रू येणार असं कोण म्हणालं?

"वेष्टनावर तोफ काढलीय."

हे मात्र खरं. तोफ आहे, चांगली बोटभर.

मग बारीकसारीक. अक्षरं मुंगीएवढी: कबूल.
नकाशा फिरवताना मळमळतं: त्यालाच, मला नाही.
मी म्हटलं, संगीत तरी? तो म्हणाला, कुठलं संगीत?
तेच, एखाद्या वसाहतीचा दिवा विझतो
तेव्हा जे थांबतं ते.
त्याने यंत्र चालू केलं, पॉलिशचं,
आणि बराच वेळ कुणाची तरी दाढ चमकवत राहिला.

शेवटची ओळ डागाखाली होती.
मेणाच्या सुरीने मी टोमॅटो खरवडला.
'या खेळात हरता येत नाही, फक्त सोडून देता येतं,
आणि ते मला तीन रात्री जमलं नाही.'

अरे.
म्हणजे हाही बसला होता तर,
कुठल्या तरी फुटकळ ग्रहावरच्या चाळीस माणसांना
पाणी पाठवत, ती आहेत की नाहीत हे न कळता,
आणि मग सकाळी उठून, चिडून, चार.

"मग किती देशील?" इनिसने विचारलं.
सात म्हणणार होते. सहा म्हटलं.
तो पाचावर आला, तेही तोफेचा एक कापून.
मिसेस लॉरिमरचा जबडा डब्यात भरला, पत्ता चिकटवला.
फॉरफरला गुरुवारी पोचेल.
तोवर बाई पेज पीत असतील, आणि आम्हाला शिव्या देत.

रात्री घरी खेळ उघडला. सहाशे बारावी खेळी.
नवव्या वसाहतीचा निरोप आलेला,
अकरा खेळ्यांपूर्वी लिहिलेला:
'पाणी पुरे. ठेवायला जागा नाही.
आता पत्रे पाठवा.'

मी पत्रे पाठवले.
वाटेत अजून
अकरा खेळ्यांचं पाणी आहे.