हात धरलेली लेखणी

बर्गनच्या दप्तरखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
कोट खुर्चीला टांगून, पेन बाहेर जमा करून
मी वाटणीपत्रांची वही उघडते.
सतराशे अठ्ठ्याण्णव, ऑक्टोबर. हाउकोसचं शेत.

चर्चच्या नोंदवहीत माझी माणसं शहाण्यासारखी वागतात.
जन्मली, बाप्तिस्मा झाला, लग्न लागलं, पुरली.
एका आयुष्याला एक ओळ, शाई जपून.
कोण कशावर हसलं, कुणाला रात्री झोप नसायची,
वहीला देणंघेणं नाही.
जी भावंडं गुण्यागोविंदाने राहिली
ती कापरासारखी उडाली.

सापडतात ती भांडलेली.

सिन्नेव्ह मोन्सदात्तर, वय चौतीस, लग्न नाही,
विरुद्ध सख्खा भाऊ अन्फिन.
कारण तांब्याचा हंडा.
आई मार्चमध्ये गेली, हंडा मागे राहिला.
कारकून लिहितो: तळाला डाग दिलेला, किंमत दोन रिक्सडालर.
गाय एक, नाव डागरोस, एका डोळ्याने अधू.
होडीत चौथा हिस्सा.
मेंढीच्या कातड्याचं पांघरूण, झिजलेलं.
आणि हेरिंग लागते ती किनाऱ्याची पट्टी.
काठी मारून पाणी तुटत नाही म्हणतात.
इथे तुटलंय,
काळ्या खडकापासून ओढ्याच्या मुखापर्यंत.

तेव्हाचा कायदा साधा होता:
दोन बहिणी मिळून एक भाऊ.
म्हणजे सिन्नेव्हच्या वाट्याला भावाच्या निम्मं.

हंड्यातलं निम्मं कसं देतात?
हे तिनेच विचारलंय, भर कोर्टात,
आणि कारकुनाने, काय वाटलं त्याला कोण जाणे,
जसंच्या तसं उतरवून ठेवलंय:
‘कान माझा की बूड माझं, तेवढं सांगा.’
सव्वादोनशे वर्षांनी, कुजबुजही न चालणाऱ्या खोलीत
मी फसकन हसले.
समोरचा म्हातारा भिंगावरून बघत राहिला.
त्याला काय सांगू,
आमची आई अगदी अशीच बोलायची.

पुढे साक्षी.
शेजारी ओलाई शपथेवर सांगतो,
म्हातारीचं हगमूत सात हिवाळे हिने काढलं.
अन्फिन म्हणतो, मी उत्तरेला मासेमारीवर,
घरात पीठ आलं ते माझ्या पैशाचं.
दोघंही खरं बोलतायत
हे कळायला मला तीन दिवस लागले.
त्यातले दोन नुसते ते गॉथिक वळण लावण्यात गेले.

निकाल: हंडा भावाला.
बहिणीला गाय आणि वर आठ शिलिंग.

खाली सह्या. सिन्नेव्हला लिहिता येत नव्हतं.
अशा वेळी कुणीतरी हात धरायचं,
बोटं हिची, जोर दुसऱ्याचा,
आणि धरणाऱ्याचं नाव कडेला टिपायचं.
कडेला लिहिलंय:
हात भावाने धरला.

मी पान उजेडाकडे कललं.
तिच्या नावाच्या मधोमध शाईचा ठिपका पडलाय, मसुरीएवढा.
कुणाचा हात अडला ते कागद सांगत नाही.
त्याने तो ओढत नेला,
की गोठलेल्या ओढ्यावरून नेताना
लहानपणी धरायचा तसा धरला?

माझा भाऊ आयविंद स्तावांगरला असतो.
आईच्या भिंतीवरच्या घड्याळापायी नऊ वर्षं आम्ही बोललो नाही.
वकील केला नाही. शिकलेली माणसं आम्ही.
फोन वाजू द्यायचा, एवढंच.
कुणाची साक्ष नाही, कुठे कागद नाही.
उद्या कुणी आम्हाला शोधत आलं
तर आम्ही गुण्यागोविंदाने नांदलेले निघू.

डागरोस त्याच हिवाळ्यात मेली.
सिन्नेव्हने पुन्हा अर्ज केला.
ती वही उद्या सकाळी येईल, म्हणाले.