दोन चुली

एकाच यंत्रात दोन चुली
मीच मांडून दिल्या तूरुनला.
प्रोग्राम तोच; सुरू करताना
फक्त वेगळं नाव सांगायचं त्याच्या कानात,
की तो उठतो नवा होऊन
आणि आधीच्याला ओळख दाखवत नाही.

खालच्या पट्टीवर दोन ठिपके.
निळ्यात ऑफिस: पॉलिसीचे आकडे, बोटींचे नंबर,
आणि ते वाक्य, दिवसातून वीसदा चिकटवायचं,
'आपल्या हानीबद्दल आम्हांला मनापासून खेद आहे.'
मनापासून. कंट्रोल-व्ही.

लाल ठिपक्यात काय, मी विचारलं नाही.
वार्दोत सूर्य नोव्हेंबरात जातो तो जानेवारीत येतो,
एवढ्या अंधारात कुणी काय राखून ठेवावं
हे दुसऱ्यानं विचारू नये.
येता-जाता दिसलं तेवढंच:
दक्षिणेतल्या मुलाला ती पत्र लिहायची,
लिहायची, कापायची,
पाठवायची नाही.

मग 'तेर्ना' बुडाली.
अकरा मीटरची, खेकड्यांच्या सापळ्यांसकट.
आयलर्टनं दावा भरला, चार पानं, सुवाच्य अक्षरात.
'इतर नुकसान' या रकान्यात
त्यानं भावाचं नाव लिहिलं होतं.
पुढे रक्कम कोरी.

तूरुननं उत्तर केलं. क्रमांक, तारीख,
खेदाच्या जागी कंट्रोल-व्ही,
आणि पाकीट बंद.
दुपारी कार्यालयीन प्रत लावताना
तिचा चेहरा उतरला.
खेदाच्या जागी होतं:
'जेवलास का रे? नुसत्या कॉफीवर राहू नकोस.'

चूक माझी.
चुली दोन केल्या, पण नळ एकच होता.
क्लिपबोर्ड मशीनला एकच असतो;
कुणी काहीही कॉपी करो,
दोन्ही घरच्या घागरी त्याखाली हजर.
एका चौकटीतली खूण काढायची
ती मी विसरलो होतो.

नऊ दिवसांनी पत्र आलं.
वर दावा क्रमांक, नियमाप्रमाणे.
खाली दोन ओळी:
'जेवलो. कॉड आणि बटाटे.
सवयीनं दोघांचं शिजवलं गेलं.'

मी खूण काढली. दोनदा तपासलं.
निळ्यातलं आता निळ्यात, लालमधलं लालमध्ये.
ती मागे उभी होती, कोट घालून.
'आस्लाक, लाल बंद केला तर आतलं जातं?'
'नाही. तेच नाव घेऊन उठवलं
की होतं तसं सगळं परत येतं.'
'सगळं?'
मी म्हणालो, 'म्हणजे, मजकूर.'

आयलर्टचा कागद तिनं फाइलला लावला नाही.
टेबलाच्या खणात ठेवला,
स्टेपलर, हातमोजे, विजेचं बिल,
मुलाच्या लहानपणीची एक शिट्टी.
खण तिला एकच दिलेला आहे.