खाचा क्रँककडे

मार्गेड ऱ्हिदर्ख गाडी घेऊन आली ती दोरीनं ओढत,
शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरमागे.
जांभळी ट्रायम्फ, दोन माणसांपुरती,
छपराच्या कापडावर कोंबड्यांची वर्षानुवर्षांची शीट.
म्हणाली, वेग नको मला.
बत्तीस वर्षं सुईण होते या डोंगरांत,
रात्री-अपरात्री वेगानंच गेले.
आता सकाळी किल्ली फिरवली की सुरू व्हावी,
आणि माझ्यापेक्षा एक दिवस तरी जास्त जगावी.

इथं ब्लायनावला सगळं पाटीच्या दगडाचं:
घरं, कुंपणं, थडगी, माझ्या गॅरेजची फरशीसुद्धा.
तिच्यावर पाना पडला की
नाणं वाजवून घेतल्यासारखा आवाज येतो.

इंजिन उतरवलं. सहा सिलिंडर, बिडाचं धूड.
तेलाचा तळ सोडला, तर काळ्या गाळात
एक अर्धचंद्र,
झिजून वस्तऱ्याच्या पात्याएवढा.
क्रँकला पुढं-मागं सरकू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.
तोच गळून पडलेला.
क्लच दाबला की गाडी गुरगुरते, म्हणत होती ती.
जोडीचा दुसरा अजून जागेवर होता,
पण उलटा.
तेल धरणाऱ्या खाचा क्रँककडे हव्यात;
याच्या ब्लॉककडे, रुसून भिंतीकडे तोंड केल्यासारख्या.
कुठल्या गाढवानं बसवला, म्हणून मी एकटाच हसलो.

मग टायमिंगचं झाकण काढलं.
आतल्या अंगाला सुईनं कोरलेलं:
इथेल प्यू, मार्च सत्याऐंशी.

हीटर फुरफुरत होता. मी त्याच्यापाशी जाऊन बसलो.

गाडी तेव्हा एका दंतवैद्याची होती, शर्यतीत पळणारी.
मी चोवीसचा. हेड तासायचो, दाब वाढवायचो,
इंजिनं अशी बांधायचो की तिनं चाळीस फेऱ्या जिंकाव्यात
आणि एकेचाळिसावीचं कुणी विचारू नये.
त्या संध्याकाळी मला कसली तरी घाई होती.
कसली, ते काही केल्या आठवत नाही.

हिवाळाभर एकच काम.
सहा पिस्टन स्वयंपाकाच्या काट्यावर तोलले,
सर्वांत हलक्याच्या बरोबरीला बाकीचे आणले, कानशीनं, ग्रॅम ग्रॅम.
दाब उतरवला. व्हॉल्व्हना नव्या पेट्रोलला पुरतील अशा कडक बैठका.
क्रँक घासून आणला, बेअरिंगची फट मोजली,
पुन्हा मोजली,
झोपेतून उठून टॉर्च घेऊन खाली आलो आणि मोजली.
बायको जिन्यावरून म्हणाली, मूल आजारी आहे का रे?
नवे अर्धचंद्र बसवले, मागं पिना ठोकल्या,
घसरायची सोयच ठेवली नाही.
सरकण्याला जागा उरली हजारातल्या सहा भागांची.
इतकी हवीच. अगदी आवळलेलं यंत्रही टिकत नाही.

बिल लिहिताना हात अडला.
शेवटी लिहिलं: सुटे भाग, अमुक पौंड.
मजुरी, काही नाही. चूक माझीच, सत्याऐंशी सालची.
आणि वाचून होईपर्यंत तिच्याकडे पाहिलं नाही.

तिनं चष्मा वर केला.
तीस वर्षं ती माझ्यामुळं शेडमध्ये उभी होती तर, म्हणाली.
मी हो म्हटलं.
बाहेर कुणीतरी ट्रक मागं घेत होतं, बराच वेळ.
मग तिनं विचारलं,
आत्ता कुठल्या बाजूला तोंड आहे त्यांचं?
दायीनं विचारावं, बाळ डोक्याकडून आहे की पायाकडून,
तसं.

क्रँककडे, मी म्हटलं.
दाखव, म्हणाली.
दाखवता येत नाही, सगळं मिटलंय आता.
बरं, म्हणाली, आणि मजुरीचे पैसे टेबलावर मोजून ठेवले.

पंप आधी ड्रिलनं फिरवून सगळ्या नळ्यांत तेल चढवलं.
काटा उठला, स्थिरावला.
मग तिनं किल्ली फिरवली. दुसऱ्या फिरक्याला.
पहिल्या नाही, दुसऱ्या;
मला वाटतं, ते तिला आवडलं नाही.

झाकणाच्या आत या वेळी नाव कोरलेलं नाही.
कोरलंय ते पुढं कधी उघडणाऱ्यासाठी,
जो अजून शाळेतही जात नसेल:
फट सहा. पिना आहेत.
खाचा क्रँककडे. घाई करू नकोस.