बी-चार, डाव्या दाराशी

आमच्या घरात घड्याळ आहे, पण बघतं कोण.
कोळशाची मालगाडी गेली की कुकर लावायचा,
मांडणीवरची भांडी थरथरली की मुलाला उठवायचं,
आणि खिडकीच्या कठड्यावरची काळी पूड
बोटानं पुसून बोट पदराला.
चौदा वर्षं हेच.

मडगावात स्टेशनमागे राहायचं म्हणजे
भाडं कमी, पाहुणे जास्त.
घरी येणारे नव्हेत,
जाणारे.
"गाडी दहा मिनिटं थांबते गं तुमच्याकडे,
जरा सोलं आणून देशील?"
मला नातेवाईक डब्यांवरून आठवतात.
एस-सात म्हणजे आतेभाऊ, कोरगुटाचे उकडे तांदूळ.
एस-दोन, काकांची सून, काजू, तेही सालासकट.
बी-चार म्हणजे सुलक्षावन्सं.

वन्सं वर्षातून एकदा उडुपीला जातात.
त्यांच्या यादीत वस्तूंपेक्षा सूचना मोठ्या:
मिरची खोल्याचीच, देठासकट.
वांगी आगशीची, पण बिया कमी
(आत शिरून बघू का मी?)
सुकी सुंगटं, पण वास येता नये.
"वास ना जाल्यार तीं सुंगटां न्हय गो बाय, खडू!"
रेमेदीन हसते, तरी तीन पिशव्यांत बांधते,
मापावर मूठभर चढवते.
पाव सगळ्यात शेवटी, फाटकाजवळच्या पोदेराकडे.
गरम उंडे पोटाशी धरून पूल चढते
तेव्हा जी ऊब लागते,
ती कुणाच्याच यादीत नसते.

दहा मिनिटांत काय काय बसतं मला पाठ आहे.
दोन मिनिटं पिशवी,
दोन मिनिटं पैसे, नको-घे-नको,
मुलाची उंची एक, गुडघे तीन.
उरलेल्यात मी म्हणायचं, एकदा घरी याच,
त्यांनी म्हणायचं, पुढच्या खेपेला नक्की.
मग हात. मग फक्त डबे.

यंदा सिग्नल मिळाला नाही.
अकरावं मिनिट आलं
आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो,
न बोलावता आलेल्या माणसाकडे बघावं तशा.
पिशवी देऊन झाली होती.
गुडघे दोनदा झाले.
चहावाला शेवटच्या डब्यापर्यंत जाऊन परत आला.
त्यांच्या भावाचं नाव
दहा मिनिटांत कधी आलंच नव्हतं.

वीस मिनिटं झाली असतील.
वन्सं म्हणाल्या, "तुझी खिडकी दिसते का गं इथून?"
"ती टाकी आहे ना, तिच्या डावीकडे.
हिरवी साडी वाळतेय, ती."
"तो कुठे बसायचा?"
"तिथंच. कठड्यावर पाय टाकून.
मालगाडीचे डबे मोजायचे.
ते म्हणायचे अठ्ठावन्न,
मी म्हणायचे एकोणसाठ."
"आणि खरे किती?"
"कुणास ठाऊक. परत मोजायला गाडी कुठे थांबते?"

वन्सं रडल्या वगैरे नाहीत.
पिशवीत हात घालून एक उंडा काढला,
मोडला, अर्धा मला दिला.
दारातल्या दारात, उभ्यानं,
आम्ही तो कोरडाच खाल्ला.
सव्विसाव्या मिनिटाला गाडी हलली.
पुढच्या खेपेचं कुणी काही बोललं नाही.

परतीची गाडी शुक्रवारी.
मडगाव रात्री सव्वादोन.
काळोखात काय दिसणार, कपाळ.
तरी शुक्रवारी ती हिरवी साडी
धुतलेली असताना परत धुतली,
चार चिमटे जास्त लावले
आणि स्वयंपाकघरातला दिवा
राहूनच गेला मालवायचा.

सकाळी बघते तर
काठापासून पदरापर्यंत काळी पूड.
पुन्हा भिजत घातली.